माळ पुरी होईपर्यंत

ता. ४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

आशीर्वाद. तुला ते नको असले तरी पाठवते. दिलेला आशीर्वाद परत घेण्याची सोय देवाने ठेवलेली नाही.

तुझा पत्ता तुझ्या शिवणवर्गातल्या मैत्रिणीने दिला. तिला बोलू नकोस. मी तिच्या उंबऱ्यावर बसूनच राहिले, तेव्हा बिचारीचा नाइलाज झाला. तयार कपड्यांच्या कारखान्यात लागलीस आणि बायकांच्या वसतिगृहात राहतेस, एवढंच ती म्हणाली. जेवण कसं आहे विचारलं, तर म्हणे ते तिला ठाऊक नाही.

कुत्रा बरा आहे. तू कडीला त्याचा पट्टा अडकवून चिठ्ठी ठेवलीस, "याला सांभाळ, खोली मिळाली की घेऊन जाईन," तेव्हापासून सांभाळते आहे. हवेशीर जागा दिली आहे. दोन वेळा खातो. थोडा भुंकतो, पण कुत्रं म्हटलं की ते आलंच.

तुझे बाबा त्याला भोंगा म्हणतात. तू ठेवलेलं नाव आम्ही घेत नाही. ते घेतलं की तो दाराशी धावतो आणि तिथेच उभा राहतो.

बाकी सर्व ठीक.

आई

ता. १९ फेब्रुवारी

चि. टिटवी,

मागच्या पत्रात मी "थोडा" लिहिलं होतं. थोडा नाही. खोटं लिहून पाकिटाला थुंकी लावली आणि मग पंधरा दिवस तो शब्द घशात अडकून राहिला, म्हणून आज खरं लिहिते.

हा कुत्रा चोराला भुंकत नाही. पोस्टमन त्याला ओलांडून आत येतो, त्याला शेपटी हलवतो. तो भुंकतो मला. मी कणीक मळायला घेतली की भुंकतो. कुणाशी दोन शब्द बोलायला लागले की मध्ये येऊन भुंकतो. दुपारी पाठ टेकली की उशाशी येऊन भुंकतो. एकदा भुंकतो, थांबतो, माझ्या तोंडाकडे बघतो, पुन्हा भुंकतो. काय हवंय म्हणावं तर पाण्याची वाटी भरलेली, पोट भरलेलं. मी "गप रे मेल्या" म्हटलं की जसा काही पेढा मिळाला अशी शेपटी हलवतो आणि दुप्पट जोराने सुरू होतो.

सगळ्यात जास्त भुंकतो तो मी पहाटे माळ घेऊन बसते तेव्हा.

तुझ्या बाबांचं बरं आहे. कानातलं यंत्र काढतात आणि पेपर वाचतात. दुकानात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला टिकटिक ऐकू येत नाही आणि भोंगा ऐकू येतो, म्हणतात, हे कुठल्या जन्माचं पाप.

काल खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले. निवृत्त झाले तरी हातात छडी असल्यासारखेच उभे राहतात. "वहिनी," म्हणाले, "चाळीस वर्षं मी वर्गातली कार्टी गप्प केली. तुमचा हा एकच विद्यार्थी असा, की त्याने मास्तरलाच वर्गाबाहेर काढलंय." मी हसले. ते हसले नाहीत. खिशातून कागद काढला. इमारतीतल्या नऊ बिऱ्हाडांच्या सह्या होत्या. मार्चअखेर कुत्रा गप्प झाला नाही, तर त्याला बाहेर काढायचं.

तू मला एकच गोष्ट सांभाळायला दिलीस. मी ती घालवली, असं मला तुला लिहावं लागू नये एवढीच देवाजवळ मागणी आहे. तू त्याला न्यायला येणार आहेस. तो नसला तर तू कशाला येशील?

आई

ता. ३ मार्च

टिटवी,

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. वयाने तुझ्याएवढीच असेल. मला काकू म्हणते आणि बोलताना एकीकडे मांजराची नखं कापते.

म्हणाली, "काकू, हा कधी कधी भुंकतो ते आठ दिवस लिहून आणा." लिहायला काय, माझा हात त्यातच गेला. घरखर्चाच्या वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले: वेळ, किती वेळा, मी काय केलं. आठ दिवसांनी वही तिच्यापुढे ठेवली. तिने पानं उलटली आणि विचारलं, "पहाटे माळेच्या वेळी एवढा का भुंकतो?"

"काय माहीत. माझं तेव्हा मौन असतं. माळ पुरी होईपर्यंत मी शब्द बोलत नाही."

"मग भुंकला की करता काय?"

"काही नाही. बिस्किटाचा तुकडा टाकते. खाईपर्यंत तरी गप्प बसतो."

"अख्खं बिस्कीट?"

"छे गं! एकाचे चार तुकडे करते."

ती नखं कापायची थांबली आणि अशी हसली की मांजर निसटलं. "काकू, म्हणजे एका बिस्किटासाठी तुम्ही त्याला चारदा भुंकायला शिकवलंत!"

माझी काटकसर पहिल्यांदाच कुणी अशी तोंडावर मोजून दाखवली.

मग तिने औषध सांगितलं. भुंकला की पाठ फिरवायची. बघायचं नाही, बोलायचं नाही, रागवायचंसुद्धा नाही. "त्याला तुमचा रागही चालतो काकू. तुम्ही त्याच्याकडे वळलात, एवढं त्याला पुरतं." गप्प बसल्यावर काय करायचं तेही सांगितलं. सुरुवातीला तो जास्तच भुंकेल, हटायचं नाही, म्हणाली. मी घरी येऊन वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: भुंकला की पाठ.

तू लहानपणी अशीच होतीस. मी कामात असले की ताट वाजवायचीस, पदर ओढायचीस, "आई बघ, आई बघ" करून घर डोक्यावर घ्यायचीस. म्हणून तर बाबांनी टिटवी नाव ठेवलं. मला वाटायचं, या पोरीला पहिल्यापासून फार लक्ष दिलं तर ती डोक्यावर बसेल.

आई

ता. १२ मार्च

टिटवी,

तुझं कार्ड आलं. "आई, त्याला मारू नको. टोपी घातलेल्या माणसांना तो भितो. माझं एखादं जुनं कापड त्याच्या अंथरुणात घाल." तीन ओळी. दहा-अकरा वेळा वाचल्या. सगळ्या कुत्र्याच्या आहेत, पण पहिला शब्द "आई" आहे. तेवढा मी माझा धरला.

आता मलाही एक लिहायला हवं. हवेशीर जागा म्हणजे मागची गॅलरी. रात्री त्याला तिथे बांधत होते, पहाटे सोडायचे. वारा सरळ येतो. तुझं कार्ड आलं त्याच दिवशी त्याला आत घेतलं आणि तुझी ती निळी शाल, कोपरा जळलेली, त्याच्या कोपऱ्यात अंथरली. तो तिच्यात नाक खुपसून इतका वेळ उभा राहिला की मला तिथून जावं लागलं.

पाठ फिरवायचं चालू आहे. डॉक्टरीण म्हणाली तसंच झालं, भुंकणं आधी वाढलं. परवा एका दिवसात चौसष्ट वेळा. पदर ओढतो, भांडं पाडतो, माझ्यापुढे येऊन उभा राहतो, मी वळते, तो पुन्हा पुढे येतो, मी पुन्हा वळते. स्वयंपाकघरात भोवऱ्यासारखी फिरते आहे. बाबा दारात येऊन म्हणाले, "अगं, भिंतीकडे तोंड करून कुणाशी भांडतेस? मी इकडे आहे."

मी त्यांना डॉक्टरीणबाईंचा उपाय समजावून सांगितला. त्यांनी तो सगळा ऐकून घेतला. मग म्हणाले, "पाठ फिरवायला शिकवायला तुला डॉक्टर कशाला हवी होती?"

आणि मी काही बोलायच्या आत कानातलं यंत्र काढून खिशात घातलं.

मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे.

आई

ता. २६ मार्च

चि. टिटवी,

आनंदाची बातमी. चौसष्टचे एकतीस झाले, एकतीसचे अकरा, मग तीन, आणि गेला आठवडाभर शून्य. वहीत शून्य मांडताना असा आनंद मला कधी झाला नव्हता. माळ सुरळीत होते. मी कणीक मळते, फोनवर बोलते, दुपारी पाठ टेकते. तो शालीवर पडून असतो. हाकही मारावी लागत नाही.

मास्तर स्वतः वर आले. सह्यांचा कागद माझ्यासमोर फाडला. "वहिनी, तुम्ही शाळेत हव्या होतात. नापास पोरगं पहिलं आणलंत." चहा घेऊन गेले.

तू येशील तेव्हा ओळखणारसुद्धा नाहीस त्याला. शहाणा झाला अगदी.

आई

ता. २ एप्रिल

टिटवी,

हे पत्र बसून नीट वाच. भोंगा आजारी आहे. फार आजारी आहे. आज तिसरा दिवस, सलाईन लावलंय. डॉक्टरीण म्हणते, अजून दोन दिवस गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तुला न कळवता तो गेला तर तू मला क्षमा करणार नाहीस, आणि कळवलं तरी करशीलच असं नाही. तरी कळवते. सगळंच कळवते.

परवा बाबांनी जेवताना कानात यंत्र घातलं. थोडा वेळ ऐकत बसले. म्हणाले, "घर असं का झालंय? बिघडलं का काय हे?" यंत्र काढून फुंकलं, पुन्हा घातलं. मग उठून कोपऱ्यात गेले, भोंग्याच्या नाकाला हात लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिक्षा बोलाव. पोरगं तव्यासारखं तापलंय."

डॉक्टरीणबाईने त्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. गोचिडाचा ताप, रक्तात उतरलेला. "किती दिवस झाले?" मला सांगता येईना, म्हणून मी वही दिली. तिने शेवटचं पान काढलं. एकाखाली एक शून्यं. तिने ती बोटाने मोजली. बारा.

"काकू," ती म्हणाली, "आजारी कुत्रं भुंकत नाही."

मग तिने वहीचा पुठ्ठा बघितला. "मी तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. भुंकला की पाठ फिरवा, आणि गप्प बसला की लगेच जवळ जा, पाठीवरून हात फिरवा. दुसरी कुठे लिहिलीय?"

कुठेच लिहिलेली नव्हती. मी ऐकली होती. पण तो गप्प बसला की मला वाटायचं, चला, तेवढ्यात कपडे धुऊन घ्यावेत, तेवढ्यात धान्य निवडून व्हावं. गप्प बसलेल्याजवळ कशाला जायचं? जाऊन त्याला जागं करायचं का? दिवसभरात एकदाही गेले नाही.

"अर्धंच औषध दिलंत," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. त्या कुत्र्याला माझा रागही का चालायचा ते मला तिथे उभ्याउभ्या समजलं.

तो खात नव्हता हे तरी दिसायला हवं होतं ना? दिसत होतं. सकाळच्या ताटलीतलं अर्धं उरायचं, ते मी झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी तेच पुढे करायचे. काही वाया जात नव्हतं. वाया जात नाही तोवर माझ्या घरात काही बिघडलंय असं मला वाटतच नाही.

दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. तिथे तू आठवलीस.

सासरहून आलीस तेव्हा पहिले दोन महिने तू आदळआपट केलीस. दारं आपटलीस, रडलीस, माझ्यापुढे येऊन उभी राहिलीस, "आई, ऐक तरी." आणि मी भाजी चिरत राहिले. मावशीने सांगितलं होतं, लक्ष दिलंस तर कायमची राहील, दुर्लक्ष कर, आपोआप नवऱ्याकडे जाईल. मग तू गप्प झालीस. त्या पिलाला उचलून आणलंस आणि त्याच्याशीच बोलायला लागलीस. दिवसच्या दिवस खोलीत. ताटात अर्धं टाकायचीस आणि मी ते झाकून ठेवायचे. मावशीला फोनवर मीच म्हणाले, "शहाणी झाली आता."

तेच शब्द मी मागच्या पत्रात तुला कुत्र्याबद्दल लिहिलेत. जाऊन बघ, पत्र ठेवलं असशील तर.

आणि ती शेवटची पहाट. ते मी अजून देवापुढेही नीट बोललेले नाही.

मी माळेवर होते. तू देवाच्या खोलीच्या दाराशी आलीस. माझे डोळे मिटलेले होते, पण पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. तू म्हणालीस, "आई." मी मणी ओढला. तू म्हणालीस, "आई, मला काहीतरी सांगायचंय." मी मणी ओढला. मग थोडा वेळ गेला आणि तू तिसऱ्यांदा म्हणालीस. हळू, जशी लहान असताना अंधारात म्हणायचीस. मला वाटलं, आता दहा-बाराच मणी राहिले आहेत, थांबेल की.

मी माळ पुरी केली, नमस्कार केला, उठले. कडीला पट्टा होता.

मौन का धरते, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू सहा वर्षांची असताना तुला ताप आला होता. एकवीस दिवस. तू बोलायची थांबली होतीस. घरात तुझा आवाज नव्हता. तेव्हा मी देवाला बोलले, माझी टिटवी पुन्हा ओरडू दे, जन्मभर रोज माळ पुरी होईपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. दुसऱ्या दिवशी तू पाणी मागितलंस. एवढ्या मोठ्याने, की शेजारीण धावत आली.

तुझा आवाज परत मिळाला म्हणून दिलेला शब्द होता तो. आणि तू दारात उभी राहून बोललीस, तेव्हा मी तोच पाळत बसले. देवाने तरी कपाळावर हात मारून घेतला असेल.

काय सांगायचं होतं तुला? मला नाही सांगितलंस तरी चालेल. कुणाला तरी सांगितलंस का, एवढं कळव.

आई

ता. १९ एप्रिल

टिटवी,

तू दुकानात फोन केलास, दोनदा, हे बाबांनी मला आज सांगितलं. म्हणजे भोंगा वाचला हे तुला ठाऊक आहे. मी विचारलं, "काय म्हणाली?" म्हणाले, "भोंग्याचं विचारलं." मी विचारलं, "आणि?" ते घड्याळाच्या चाकाकडे बघत म्हणाले, "यंत्रात नीट ऐकू आलं नाही." त्यांना खोटं बोलता येत नाही. तू माझ्याबद्दल काही विचारलं नाहीस, हे त्यांनी इतक्या मायेने लपवलं की मी चहा टाकायला उठले.

चालायला लागला आहे. हाडं लागतात हाताला. दिवसातून आठ-दहा वेळा त्याच्याजवळ जाऊन बसते, काही कारण नसताना. पहिल्यांदा गेले तेव्हा तो दचकून उठला आणि बाजूला झाला. त्याला वाटलं, जागा झाडायची आहे. आता होत नाही बाजूला. वहीत नवा रकाना नाही आखला. आखायला घेतला होता, मग पट्टी खाली ठेवली.

पण भुंकत नव्हता. चौदा-पंधरा दिवस घरी येऊन झाले, एकदाही नाही. माझ्याकडे बघायचा आणि मान खाली ठेवायचा. मास्तरांनी जिन्यात विचारलं, "वहिनी, आमचा विद्यार्थी काय म्हणतो?" मी म्हटलं, "काहीच म्हणत नाही हो." ते जरा घुटमळले. संध्याकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि त्याच्यापुढे अख्खं बिस्कीट ठेवलं. "भुंक रे, भुंक. माझी सही नाही आता कशावर."

आज पहाटे मी माळेवर बसले होते. निम्मी झाली असेल. मागून नखांचा आवाज आला, दारापाशी थांबला. मग तो भुंकला. एकदाच. घसा बसल्यासारखा, अर्धवट. भुंकून थांबला. मी वळते की नाही, ते बघत असणार.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ! आले रे."

कुठला मणी होता ते आठवत नाही. माळ आसनावर टाकून उठले आणि त्याच्यापाशी जमिनीवर बसले. त्याने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. बाबा अंथरुणात उठून बसले आणि म्हणाले, "कोण आलं? कुणाला ओ दिलीस?" यंत्र न घालता ऐकू आलं त्यांना.

इतक्या वर्षांचं मौन मोडलं. डॉक्टरीणबाईंचा नियमही मोडला. भुंकल्यावर मुळीच वळायचं नसतं. ती रागावेल. देवाचं मी बघून घेईन. त्याला मी एवढंच म्हटलं, ज्या आवाजासाठी शब्द दिला होता तो तुझ्यासमोर उभा होता, आणि तू मला हलवलं का नाहीस? मग वाटलं, त्याने तीन वेळा हलवलं होतं.

खोली मिळाली की तू त्याला न्यायला येशील. नेलास की तुला इकडे यायला काही निमित्त उरणार नाही, हे मला कळतं. म्हणून त्याला जास्त दिवस ठेवून घेणार नाही. त्याचा पट्टा धुऊन ठेवला आहे.

एकच मागते. येशील तेव्हा पहाटे ये, माझ्या माळेच्या वेळेला. मुद्दाम त्याच वेळेला. दाराशी उभी राहा आणि हाक मार.

एकदाच मार. तीनदा मारावी लागणार नाही.

आई